पुंडलिकनगर, टोकियो

२८ डिसेंबर, रविवार

तोडली! अखेर आज केबल तोडली.

केबलवाला पेटी काखेत मारून दारात उभा. 'ताई, अजून एकदा विचार करा.' म्हटलं, दादा, विचार दिवाळीपासून चालू आहे. दोनशे चॅनेल, आणि त्यात बघण्यासारखं शोधायचं म्हणजे खड्यांतून गहू वेचायचे. औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे मी. दिवसभर नमुना तपासल्याशिवाय एक डबा पुढे जाऊ देत नाही, आणि घरी येऊन समोर येईल ते गिळायचं? नाही जमणार. वायफाय आहे, टीव्ही नवा आहे. आता हवं ते, हवं तेव्हा.

यांना विचारलं होतं. 'बघ बाई तुझं तू.' यांच्या तोंडून एवढे शब्द निघाले म्हणजे भाषणच झालं.

आत्याबाई खाटेवर बसून सगळं बघत होत्या. केबलवाला गेला तरी नजर पेटीच्या रिकाम्या जागेवर. सासू भांडली तर निदान कळतं काय बिघडलं ते. गप्प बसली तर काय समजायचं?

२९ डिसेंबर

अजून गप्प.

३१ डिसेंबर, बुधवार

नव्या रिमोटमध्ये बोलायची सोय आहे. आत्याबाईंना शिकवलं – हे बटण दाबा आणि काय पाहिजे ते सांगा. त्यांनी पदर सारखा केला, रिमोट तोंडाजवळ धरला आणि म्हणाल्या, 'रामराम. मी कन्नडची कडूबाई. कीर्तन लावता का?'

टीव्हीने कन्नड भाषेतला मारामारीचा सिनेमा लावला.

'गाव बरोबर वळखलं,' आत्याबाई म्हणाल्या, 'पर ही माणसं आपल्या गावची नायत.' हे हसले. चक्क आवाज करून हसले.

१ जानेवारी, गुरुवार

वर्षाची सुरुवात अशी. सकाळी भाकरी थापत होते, आत्याबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. 'पापड झाला,' म्हणाल्या. माझी भाकरी फुगत नाही, हे मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे, त्याचं मला काही वाटत नाही. पण पुढचं वाक्य नवीन होतं. 'किंक्रांत झाली की मी जाती कन्नडला. मोतीरामाकडं डिश हाये.'

मोतीराम भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी विचारलं, 'कामून आत्याबाई? इथं काय कमी पडलं?'

'कमी काय नाय. तिथं करमतं.'

खोटं! मळ्यातल्या घरी इतकी वर्षं एकट्या राहिल्या, तेव्हा भाऊजींच्या घरी चार दिवस टिकत नव्हत्या. पावसाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून कशाबशा आमच्याकडे आल्या. आणि आल्या ते किती बरं झालं! आमचा सत्यम पुण्याला कॉलेजला गेला, हे मुळातच मोजून बोलणारे. कारखान्यातून घरी येऊन मी कुणाशी बोलायचं? आता दार उघडल्याबरोबर आत्याबाई अख्ख्या गल्लीच्या बातम्या देतात. माझा चहा पांचट असतो, माझं झाडणं वरवरचं असतं, माझी भाकरी पापड असते – आणि मला लई म्हणजे लई बरं वाटतं.

त्या जायला नको आहेत मला. हे तोंडाने सांगायला मात्र जीभ उचलत नाही. आमच्यात तशी रीतच नाही. त्यांनी पापड म्हणायचं, मी हूं म्हणायचं, आणि दोघींनी मिळून जेवायचं.

संध्याकाळी एक गोष्ट सुचली. त्यांना ठेवून घ्यायचं तर टीव्हीवर असं काही दाखवायला पाहिजे, जे भाऊजींच्या डिशवर जन्मात दिसणार नाही. म्हणजे काय? त्यांची फिल्म!

दोन वर्षांपूर्वी भोगीच्या दिवशी जपानी माणसं कॅमेरे घेऊन मळ्यात आली, चुलीवरच्या बाजरीच्या भाकरीचं शूटिंग केलं, असं आत्याबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. तेव्हा घरी दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे कोणी खरं धरत नाही. भाऊजी तर विचारतात, 'आई, कोणत्या टॉकीजला लागली गं तुझी फिल्म?'

मी सहज विचारलं, जपान्यांबरोबर बोलायला कोण होतं? 'शहागंजचा पोरगा व्हता. फरहान. जपानी असं बोलायचा, जसं काय तिकडंच जल्मला.'

शोधते आता फरहानला.

४ जानेवारी, रविवार

सापडला! शहागंजात जाऊन फक्त 'जपानी बोलणारा फरहान' म्हटलं, तर गाड्यावरच्या केळीवाल्याने बोट दाखवलं. वडिलांच्या, कमरोद्दीनभाईंच्या घड्याळांच्या दुकानात बसला होता. तिशीचा असेल. वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या जपानी पाहुण्यांचा गाइड आहे.

मी आत्याबाईंचं नाव घेतलं मात्र, उठूनच उभा राहिला. 'हौ ताई! भाकरीवाल्या आजी! अब्बा, मैं बोला था ना, जिनों मेरे कू चार भाकरी खिलाए थे?'

म्हणजे खरं होतं. सगळं खरं होतं! जगभरातल्या भाकऱ्या-पोळ्यांवर जपानच्या एका चॅनेलची मालिका आहे, तिचा एक अख्खा भाग आत्याबाईंवर आहे. आणि आम्ही दोन वर्षं त्या बाईची थट्टा करत बसलो.

'पण ताई, ते इथं दिसत नाही,' फरहान म्हणाला. फोनवर उघडून दाखवलं. पांढऱ्या पडद्यावर चार ओळी. त्याने वाचल्या – ही सेवा फक्त जपान देशात आहे, आपली गैरसोय झाली याबद्दल आम्ही अंतःकरणापासून क्षमा मागतो. 'मीपण नाही बघितला अजून. माझे एक पाहुणे बोलले, आजी तिकडं लई गाजल्या. तुम्हाला व्हीपीएन लागेल. चांगला घ्या पण.'

घरी येऊन सांगितलं. आत्याबाईंचा चेहरा असा फुलला! यांच्याकडे वळून 'आता बोला,' म्हणाल्या. मी म्हटलं, 'आपल्या टीव्हीवर लावायची मी व्यवस्था करते.' तसा फुललेला चेहरा मिटलाच एकदम.

'हिथं दिसंल व्हय ते?'

'दिसेल.'

'तो पोरगा तं म्हणला व्हता, फक्त जपानातच दिसतं. म्हणून तं –'

'म्हणून काय?'

'काय नाय. उगं कशाला उकरायचं आता ते.'

दोन वर्षं 'माझी फिल्म, माझी फिल्म' आणि आता हे? मला काही कळलं नाही.

५ जानेवारी, सोमवार

सत्यमला फोन. 'मम्मी, फुकटचा व्हीपीएन घेऊ नको. फुकट देणारा तुझ्याकडून काहीतरी घेतोच.' हुशार आहे पोरगा. पण मी नमुना तपासल्याशिवाय नापास कसा करणार?

आत्याबाईंनी विचारलं, हे व्हीपीएन काय असतं. मी सांगितलं – आपला टीव्ही पुंडलिकनगरातच राहतो, पण तिकडच्या चॅनेलला वाटतं तो टोकियोत आहे. त्यांनी जरा विचार केला. 'म्हंजी मोतीरामानं पोराच्या शाळेसाठी तुझा पत्ता लावला व्हता, तसं.'

आज कारखान्यातल्या पोरांना हे समजवायला मला अख्खी जेवणाची सुट्टी लागली होती.

७ जानेवारी, बुधवार

पहिला नमुना, फुकटचा. घातल्याबरोबर माझे फोटो मागितले, फोनमधले नंबर मागितले. भाकरी बघायला माझे फोटो कशाला रे बाबा? नाही म्हटलं, जपानचा झेंडा दाबला. पान उघडलं! एक डोंगर दिसला, आणि मग ते गोल चक्र. चक्र फिरतंय, फिरतंय. मी तोवर भाजी निवडली, कुकर लावला, उतरवला. डोंगर तिथेच.

नापास.

८ जानेवारी, गुरुवार

सकाळी हे माझ्या फोनवर हवामान बघून आले ते स्वेटरावर स्वेटर घालून. 'बर्फ पडणार म्हणतंय.'

पुंडलिकनगरात! मी व्हीपीएन बंद करायचं विसरले होते, फोन टोकियोतच मुक्कामाला होता. आत्याबाईंनी त्याच फोनवर भजनं लावली तर मध्ये मध्ये जपानी जाहिराती. एक म्हातारा वाडग्यातून फुर्र फुर्र शेवया ओढतो. आत्याबाईंना तो इतका आवडला की भजन पुढे ढकलून शेवयावाला कधी येतो याची वाट बघत बसल्या. कारखान्यातून येताना मी भाजी घेत होते, तेवढ्यात बँकेतून फोन. 'मॅडम, आपण सध्या जपानमध्ये आहात का?' म्हटलं, नाही हो, मेथीच्या गाड्यावर आहे.

आल्याबरोबर ते फुकटचं काढून टाकलं. आत्याबाई म्हणाल्या, 'शेवयावाला गेला व्हय?'

१० जानेवारी, शनिवार

दुसरा नमुना – साठ देश आहेत म्हणे. सिंगापूर आहे, नॉर्वे आहे, जपान नाही. तिसरा – जपान आहे, वेगही बरा, पण चॅनेलने पकडलं! पुन्हा त्या अंतःकरणापासून क्षमा मागणाऱ्या चार ओळी. आणि तो फोनवरच चालतो, टीव्हीवर नाही. फोनच्या एवढ्याशा काचेवर आत्याबाईंना त्यांची भाकरी कशी दिसायची?

चौथा मात्र मनासारखा. जपान आहे, टीव्हीसाठी वेगळं ॲप आहे, आपण काय बघतो याची नोंद ठेवत नाही म्हणतो, आणि महिन्याच्या आत नाही पटलं तर पैसे परत. हे असं लिहून देणारा मला आवडतो. घातला. जोडतेय, जोडतेय, तेवढ्यात वायफायच गेलं.

बघते तर डब्याचं बटण बंद. आत्याबाई शेजारी उभ्या. 'उगं लाइट जळत व्हती.' मी चालू केलं, स्वयंपाकघरात जाऊन आले – पुन्हा बंद!

आता मात्र मनात पाल चुकचुकली. भाग आहे हे फरहानने सांगितलं, पण त्याने तरी कुठे बघितला आहे? आत्याबाई सांगतात तसं त्यात नसलंच तर? एखाद-दुसऱ्या मिनिटाचं काम असेल, आणि सगळ्यांपुढे हसं होईल म्हणून घाबरत असतील बिचाऱ्या. म्हणजे मी त्यांना ठेवून घ्यायला निघाले आणि त्यांचीच पंचाईत करून ठेवली!

११ जानेवारी, रविवार

त्या देवळात गेल्याबरोबर लावून बघितलं. पहिलं मिनिटभरच. डोंगर – अगं बाई, तो तर कन्नडचा घाट! घाटातून एसटी चढते आहे. मग मळा, मग चूल, आणि चुलीपुढे आत्याबाई. काचेसारखं स्वच्छ. लगेच बंद केलं. बाकीचं सगळ्यांनी मिळून बघायचं.

पास! शिक्का मारला.

भोगीला फरहानला जेवायला बोलावलं आहे. सगळं जपानीत आहे, सांगायला कोणीतरी पाहिजेच. आत्याबाईंना हे सांगितलं तेव्हा म्हणाल्या, 'त्याला बी?' आणि देवाची माळ घेऊन बसल्या.

१३ जानेवारी, मंगळवार, भोगी

काय दिवस होता! लिहिताना अजून गाल दुखताहेत.

सकाळपासून आत्याबाईंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. वांगी, गाजर, हरभरे, बोरं घालून भोगीची भाजी. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, एकूण एक टम्म. मला जवळ फिरकू दिलं नाही. 'पाव्हणा येणार हाये, पापड नको.'

फरहान संध्याकाळी आला. आत्याबाईंच्या पाया पडायला वाकला, त्यांनी त्याला वरच्या वर धरलं आणि कानात काहीतरी म्हणाल्या. तो म्हणाला, 'बेफिकर रहो आजी.'

टीव्ही टोकियोला पाठवला. सुरू झालं.

पडद्यावर आत्याबाईंनी तोंड उघडलं – आणि त्यांच्या तोंडून एक नाजूक, मऊ आवाजाची बाई जपानी बोलायला लागली! आत्याबाईंचा खरा आवाज खाली, बारीक, जेमतेम. हे खुर्चीतून घसरायचे बाकी होते.

'हा कोणाचा आवाज?' आत्याबाई.

'आजी, त्यांनी तुमच्या बोलण्यावर जपानी आवाज चढवला आहे.'

'मग मी काय म्हणती ते सांग.'

आणि फरहान आत्याबाईंचं बोलणं आत्याबाईंनाच मराठीत सांगायला लागला. मराठीतून तेव्हा त्यानेच जपानीत नेलेलं, आता जपानीतून परत. 'आजी म्हणतात, हे धान्य म्हणजे गरीब माणसाचा सखा आहे.'

'मी असं कुठं म्हणले? मी म्हणले, बाजरीनं अंगात ऊब राहती.'

'आजी म्हणतात, पिठाशी प्रेमाने बोलावं लागतं.'

'या बया! मी म्हणले, गरम पाणी घाल, नाय तं चिरा पडत्यात!'

फरहान कपाळाला हात लावून म्हणाला, त्या लोकांनी पुढे आपल्या मनाने सजवलं असणार. मग पडद्यावर त्यांनी भाकरी उचलली, दोन्ही हातांवर फिरवली, तव्यावर टाकली. तव्यावरून निखाऱ्यावर. ती भाकरी जी फुगली! कॅमेरेवाल्यांनी ते इतकं हळू करून दाखवलं आहे की बघताना श्वास धरून बसावं लागतं. हे म्हणाले, 'आई.' एवढंच. आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

शेवटी भाकरी खाऊन झाल्यावर त्या माणसांनी काहीतरी विचारलं. पडद्यावरच्या आत्याबाई बराच वेळ बोलल्या. जपानी बाईचा आवाज अगदी खाली आला. मी फरहानकडे बघितलं. फरहान आत्याबाईंकडे बघत होता. आत्याबाई त्याच्याकडे असं बघत होत्या, जसं त्या दूध प्यायला आलेल्या मांजराकडे बघतात.

'आजी म्हणतात,' फरहान म्हणाला, 'थंडी लई आहे.'

एवढं लांब बोलणं, आणि थंडी लई आहे? मी क्वालिटीत आहे. डब्यातली एक गोळी कमी असली तर वजनावरून कळतं मला.

पण मग भाकऱ्या वाढल्या, लोणी आलं. फरहानने पुन्हा चार खाल्ल्या. भाऊजींना फोन लावून आत्याबाईंनी एकच वाक्य सांगितलं – 'मोतीराम, टॉकीजचं नाव लिवून घे.'

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

अख्खी गल्ली तिळगूळ घ्यायला म्हणून आली आणि फिल्म बघून गेली. आत्याबाई प्रत्येक वेळी भाकरी फुगेपर्यंत बसतात, नंतर रिमोट घेऊन स्वतःच बंद करतात. शेवटचं कोणालाच बघू देत नाहीत. बोलायच्या बटणावर मला न विचारता 'बस कर' म्हणायला शिकल्या आहेत.

१५ जानेवारी, गुरुवार, किंक्रांत

वाटलं होतं, फिल्म बघितल्यावर राहतील. दुपारी बघते तर पिशवी भरलेली. लुगडी, औषधं, माळ. 'उद्या सकाळी मोतीराम येतो,' म्हणाल्या. आणि मग, 'तुझ्या टीव्हीचं छान झालं. तुमचं तुम्हाला बघायला बरं.'

राहा म्हणायला तोंड उघडलं आणि विचारलं, चहा ठेवू का?

१६ जानेवारी, शुक्रवार

सकाळी त्या अंघोळीला गेल्या, तशी कानांत इअरफोन घालून फिल्मची ती शेवटची जागा लावली. जपानी बाई बोलते आणि तिच्या खाली आत्याबाई. पुन्हा पुन्हा मागे नेलं तेव्हा सगळं लागलं.

'थोरली सून दरसाली म्हणती, आत्याबाई, आमच्याकडं या. लई वाटतं जावं. पर जाऊन तिला माझा कटाळा आला तं? ते मला सोसायचं नाय. मला लेक नाय, हीच हाये. हे हिथं दाखवू नका बाबा, तुमच्या मुलखात दाखवा. तिला कळलं तं डोक्यावर बसंल.'

आणि मी त्यांच्या डोळ्यांदेखत केबल तोडली होती. त्या काय समजल्या असतील – हिला आपला कंटाळा आला!

भाऊजींना फोन केला, येऊ नका. पिशवीतली लुगडी काढून कपाटात लावली, माळ उशाशी ठेवली.

आत्याबाई बाहेर आल्या. रिकामी पिशवी बघितली, टेबलावरचे इअरफोन बघितले, माझं तोंड बघितलं.

'फरहान बोलला व्हय?'

'नाही. तुम्हीच बोललात.'

पदराने हात पुसले. मग परातीकडे आल्या.

'सरक तिकडं. पीठ मी मळती. तुझा पापड व्हतो.'